रुखवतातलं आसन

८ डिसेंबर २०२४, रविवार

लग्नाला एकच दिवस झाला आणि मी वही उघडून बसले आहे. काल जयसिंगपूरहून निघताना आई रडली, दोन्ही मावश्या रडल्या, आणि मी मात्र हातकणंगले यायच्या आत चकल्यांचा डबा उघडला. सम्मेद म्हणाला, अशी नवरी मी पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं, आता दुसरी बघायला मिळणार पण नाही.

घर कसबा बावड्याच्या टोकाला, नव्या वसाहतीत. मागच्या बाजूला ऊस आहे. कारखान्याचा हंगाम चालू असल्यामुळे हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरलेला. सम्मेद म्हणतो, आठ दिवसांत नाकाला सवय होते, मग येतच नाही तो वास.

माप ओलांडायच्या वेळी गंमत झाली. या घराला उंबरठाच नाही! सासूबाईंची चाकाची खुर्ची अडू नये म्हणून बांधतानाच सगळे उंबरे काढून टाकलेले. बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतः वाकून दारात रांगोळीची रेघ ओढली, तिच्यावर तांदळाचं माप ठेवलं आणि म्हणाले, हाच उंबरा समज बाळ. मी इतक्या जोरात पाय मारला की तांदूळ थेट सासूबाईंच्या चाकांखाली गेले. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की पाहुणे दचकले.

सासूबाईंचं नाव अंजना, पण अख्खी वसाहत त्यांना अक्का म्हणते. शाळेत पी.टी. शिकवायच्या, आवाज अजून मैदानावरचाच आहे. सहा वर्षांपूर्वी पन्हाळ्याहून उतरताना त्यांची स्कूटर घसरली आणि पाठीचा कणा गेला. तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. पायावर उकळता चहा सांडला तरी मला दुसऱ्यानं सांगावं लागतंय, असं स्वतःच हसत सांगतात. मला वाटलं होतं, आजारी माणसाच्या घरात दबून वागावं लागेल. इथं सगळ्यात मोठ्यानं तर त्याच बोलतात.

रुखवत हॉलमध्ये मांडलं होतं. अक्कांनी खुर्ची बरोबर माझ्या आसनापुढे थांबवली. लाल मखमल, तिच्यावर काचमण्यांचं आठ पाकळ्यांचं कमळ, मध्ये मोत्यांचा गुच्छ. तीन महिने डोळे फोडून केलंय मी ते. अक्कांनी मांडीवर घेतलं, मण्यांवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, बोटात जादू हाय की पोरीच्या. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी खूश आहे. मला हे घर आवडलं.

११ डिसेंबर

सकाळी अंबूबाई येतात. बावड्यातल्याच, अंगानं दांडग्या. अक्कांना पलंगावरून खुर्चीत एकट्या उचलून ठेवतात, अंघोळ घालतात, आणि हे करताना तोंड सुरूच. मला बघून म्हणाल्या, ही व्हय नवी सूनबाई, वाऱ्यानं उडंल की!

अंघोळीनंतर अक्कांनी मला आत बोलावून दार लावायला सांगितलं. मला वाटलं दागिन्यांचं काही असेल. निघाला आरसा. लांब दांड्याचा, मान वाकवता येणारा. रोज सकाळ-संध्याकाळ कुशीवर होऊन त्या यात स्वतःची मागची बाजू बघायच्या, माकडहाडापासून टाचांपर्यंत. का, तर सारखं बसून हाडाखालची कातडी दबते आणि तिथलं रक्त अडतं. आपण अवघडलो की नकळत सरकतो. त्यांना अवघडल्याचं कळतच नाही. म्हणून खुर्चीत हवेची खास गादी, म्हणून दर थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन स्वतःला उचलायचं, आणि म्हणून हा आरसा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक. नाही पडला तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचंच नाही, कुशीवर पडून राहायचं. चोळायचं तर मुळीच नाही. दवाखान्यात अक्कांच्या शेजारच्या कॉटवरची एक बाई अशाच डागानं गेली. सुरुवातीला रुपयाएवढा होता म्हणे.

सहा वर्षांत अक्कांना एकही जखम झालेली नाही. याचा त्यांना केवढा अभिमान! डॉक्टर दुसऱ्या पेशंटना त्यांचं नाव सांगतात म्हणे.

पण आता मोतीबिंदू पिकलाय आणि आरशात नीट दिसत नाही. सध्या अंबूबाई बघतात. मी लगेच म्हटलं, आजपासून मी बघत जाईन. खरं तर पुढं पुढं करायची मला खोडच आहे, आणि नव्या सुनेनं एवढं केलं की घरभर नाव होणार हेही डोक्यात होतंच. अक्कांनी आरसा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ढुंगण बघायला लाजशील तर आत्ताच सांग. मला माझी पाठ दिसत न्हाई, आता ती तुझ्या डोळ्यांवर हाय. दिसलं ते सांगायचं, बास.

लाजले मीच. त्या कुशीवर होऊन अण्णांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत होत्या. कातडी स्वच्छ होती, लहान मुलासारखी. तसं सांगितलं तर म्हणाल्या, शाब्बास.

१४ डिसेंबर, शनिवार

बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका मला बघायला यायच्या होत्या. अण्णा आणि सम्मेद मोटारपंपाच्या दुकानात, त्यामुळे हॉल आम्हीच लावला. अक्कांच्या खुर्चीतली ती गादी म्हणजे काळं रबर, अंड्यांच्या ट्रेसारखं गोट्यागोट्यांचं. सगळ्या सजवलेल्या हॉलमध्ये तेवढंच डोळ्यांवर येत होतं. मी रुखवतातलं आसन आणलं आणि म्हटलं, अक्का, यावर हे घालू या?

त्या म्हणाल्या, न्हाई गं, त्या गादीवर काय घालायचं नसतंय. माझं तोंड उतरलं असणार. मी आसनाची घडी घालायला लागले. मग त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, घाल घाल, एक दिवसानं काय हुतंय. आणि टोचलं तर मला कळणार थोडंच!

आम्ही दोघी खूप हसलो.

बायकांनी इतकं कौतुक केलं! प्रत्येकीला अक्का जरा पुढं सरकून मागची पाकळी दाखवत होत्या. माझ्या सुनंनं केलंय, माझ्या सुनंनं केलंय. त्या गेल्यावर मी काढायला गेले तर अक्काच म्हणाल्या, असू दे, उद्या अण्णांचे मित्र यायचेत. मलाही हवंच होतं. काढलं नाही.

२० डिसेंबर

चार दिवस झाले, बसलं की माकडहाडाशी जळजळतं. सम्मेदच्या गाडीवरून रंकाळ्यापर्यंत गेलो होतो, रस्त्यावरचे खड्डे असे की विचारू नका, त्याचंच असेल. सम्मेदला सांगितलं तर हसायला लागला आणि काल संध्याकाळी दुकानातून येताना मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम घेऊन आला! मेडिकलवाला त्याचा शाळेतला मित्र. म्हणजे आता सगळ्या बावड्याला कळलं की नव्या सूनबाईला काय झालंय. मी आज दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

अक्कांची पाठ काल-परवा बघायची राहून गेली. एक दिवस मिरजेच्या पाहुण्यांकडे गेलो होतो, एक दिवस मी केस धुतले होते. अक्कांनी विचारल्यावर मी म्हटलं, स्वच्छ आहे. एरवी असतेच स्वच्छ.

२२ डिसेंबर, रविवार

आज बघितली.

माकडहाडावर कमळ आहे. आठ पाकळ्या, मध्ये गुच्छ. माझंच कमळ, माझ्या मापाचं, लालभडक, कातडीत उमटलेलं. मधल्या मोत्यांच्या जागी तर जांभळट आहे. मी बोट दाबलं. पांढरं पडलं नाही. दुसऱ्या बोटानं दाबून बघितलं.

अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय म्हणतीय माझी पाठ?

मी म्हटलं, स्वच्छ आहे, अक्का.

का म्हटलं? या बुधवारी आई पहिल्यांदा या घरी येणार आहे. तिनं अख्ख्या जयसिंगपुरात सांगितलंय की विहीणबाई माझ्या पोरीच्या आसनाशिवाय बसत नाहीत. आता तिच्यासमोर अक्का कुशीवर पडलेल्या, आणि कारण काय, तर मुलीचं रुखवत. सहा वर्षं त्यांनी सांभाळलं आणि मी दोन आठवड्यांत डाग पाडला. मला ते तोंडातून काढवेना. लाज वाटली हो, सरळ लाज वाटली. आणि सांगणार तरी कसं, चार दिवस न बघताच स्वच्छ म्हणाले होते ते?

आसन धुवायचंय म्हणून काढून घेतलं. आता नुसत्या गादीवर बसतील, तर दोन-तीन दिवसांत जाईल आपोआप. थोडं खोबरेल लावून चोळलं. चोळायचं नाही म्हणाल्या होत्या, पण ते डॉक्टरांचं काहीतरी असतं. आमच्या घरी सगळ्याला खोबरेलच लावतात.

चोळताना माझंच माकडहाड भणभणत होतं.

२५ डिसेंबर

आई येऊन गेली. अक्कांनी सकाळीच विचारलं, आसन वाळलं का? मी म्हटलं, ओलं आहे अजून. तर त्यांनी अंबूबाईंना गच्चीवर पाठवलं आणि अंबूबाई ते कोरडं ठणठणीत आसन घेऊन खाली आल्या. अक्का म्हणाल्या, विहीणबाई येणार आणि मी त्याच्यावर बसलेली न्हाई, असं हुईल व्हय?

तेव्हा सांगता आलं असतं. अंबूबाई होत्या, मी होते, आई अजून वाटेत होती. एक वाक्य होतं. मी आसन स्वतःच्या हातानं गादीवर पसरलं आणि कडा नीट केल्या.

आई दुपारभर बसली. अक्काही बसल्या. मला एका जागी बसवेना. मण्यांवर बसल्यासारखं वाटत होतं, एक एक मणी मोजता येईल असं. अक्का गप्पांच्या नादात उचलून घ्यायचं विसरल्या. मग एकदम आठवण होऊन त्यांनी हातांवर जोर दिला, पी.टी.च्या आवाजात एक-दोन-तीन मोजलं, आणि तेवढा वेळ माझं दुखणं गेलं. खाली बसल्या आणि परत आलं.

योगायोग असेल.

२९ डिसेंबर

योगायोग नाही.

डागावरची कातडी गेली आहे. मधला भाग ओला, पाकळ्यांच्या कडा काळपट. मी कापूस घेऊन तो नुसता टेकवला आणि किंचाळले. मी. अक्कांना काहीच कळलं नाही, त्या उलट दचकून विचारायला लागल्या, काय गं, पाल पडली का? मी म्हटलं, हो, पाल.

मग मी मुद्दाम करून बघितलं. त्यांच्या उजव्या टाचेला चिमटा काढला. माझ्या उजव्या टाचेला लागला. त्या डाव्या कुशीवर झाल्या की माझा डावा खुबा भरून येतो. माझ्या अंगावर काही नाही. दार लावून आरशात मी माझी पाठ बघितली, कातडी स्वच्छ आहे. दुखणं त्यांचं आहे. त्यांना जे कळत नाही ते सगळं मला कळतंय.

हे कुणाला सांगू? सम्मेदला? तो परत मलम आणेल.

आणि हे सांगायचं तर ते पण सांगावं लागेल.

३ जानेवारी २०२५

मी आता दुपारी अक्कांना झोपायला लावते. त्यांना वाटतं, सून किती काळजी घेते. मी ते माझं दुखणं थांबावं म्हणून करते. त्या कुशीवर झाल्या की मला जरा बसता येतं, जेवता येतं. पण दुपारभर त्यांना पडून राहायला आवडत नाही. दारापुढच्या उन्हात बसायचं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या असतात. त्या बसतात आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहते.

अंघोळ तर डाग दिसला तेव्हापासून मीच घालते. अंबूबाईंना सांगितलं, तुम्ही फक्त उचला. त्या म्हणाल्या, का वो, माझं काय चुकलं? मी म्हटलं, चुकलं नाही, सुनेचं कामच आहे ते. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, धरणी फाटावी आणि आत जावं.

काल त्यांनी आरसा मागितला. म्हणाल्या, दे की जरा, माझं मीच बघते, आज डोळा बरा वाटतोय. मी म्हटलं, आरसा फुटला. माझ्याच हातून फुटला, सांगायला भीती वाटली. अक्का म्हणाल्या, एवढंच व्हय, येडीच हाईस, तू हाईस की बघायला.

आरसा माझ्या ट्रंकेत आहे, शालूच्या खाली.

८ जानेवारी

जखम आत जातेय. कापूस आत जातो.

अंबूबाई आज अक्कांना उचलताना थांबल्या. म्हणाल्या, कसला वास येतुय? मी म्हटलं, मळीचा. तर म्हणाल्या, मळीचा वास मला म्हाईत न्हाय व्हय? जलम गेला हितं. अक्काच माझ्या बाजूनं बोलल्या. म्हणाल्या, अगं अंबू, हंगाम भरात हाय, येणारच की वास. अंबूबाई जाताना माझ्याकडे बघून गेल्या.

रोज ठरवते आज सांगायचं. पण आज सांगितलं तर विचारतील कालच का नाही. काल सांगितलं असतं तर विचारलं असतं परवा का नाही. आणि मंगळवारी माझी पहिली संक्रांत आहे. अक्कांनी साठ बायकांना बोलावणी केली आहेत, हलव्याचे दागिने आणले आहेत. ते एकदा होऊ दे. संक्रांत झाली की सांगणारच.

उभं राहून लिहिते आहे. बसवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

काळी साडी, हलव्याचे दागिने. सगळ्या म्हणाल्या, किती गोड दिसतेस. अक्कांनी आसन मागितलं. मी दिलं. जखमेवर कापसाचा जाड थर लावला होता मी, काही बाहेर यायला नको म्हणून.

चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत. त्या बसल्या होत्या. मी बायकांना तिळगूळ वाटत होते आणि माझ्या आत कुणीतरी तापलेली पळी फिरवत होतं. एकीनं विचारलं, सूनबाई घामानं भिजलीय का? अक्का म्हणाल्या, दमलीय पोर, तीन आठवडे माझं सगळं तीच करतीय. स्वतःची लेक करणार न्हाई एवढं करतीय.

मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबला आणि रडले.

रात्री आसन काढलं. कमळाच्या मधोमध ओलं झालंय. मखमल लाल आहे म्हणून दिसत नाही.

१६ जानेवारी

अक्कांना हुडहुडी भरली. थंडीनं असेल म्हणाल्या. अण्णांनी डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती बघितली. मग विचारलं, पाठ कशी आहे, कुठं लाल वगैरे?

अक्का माझ्याकडे बघत होत्या. अण्णा, सम्मेद, सगळे.

मी म्हटलं, रोज बघते मी. स्वच्छ आहे.

अक्का म्हणाल्या, सहा वर्षांत एक डाग न्हाई डॉक्टर, आणि आता तर माझी सून बघतीय. डॉक्टरांनी मान डोलावली, गोळ्या लिहिल्या आणि गेले. दारात मला म्हणाले, तुमच्यासारख्या सगळ्या असत्या तर.

मी माणूस आहे का?

१७ जानेवारी

ताप उतरत नाही. कधी कधी बरळतात. मैदानावरच्या मुलींना हाका मारतात. एक-दोन-तीन.

जखमेच्या तळाशी पांढरं दिसतं. हाड असेल. मी बघून डोळे मिटले आणि पट्टी लावली.

मला आता पूर्ण वाक्य सुचत नाही. दुखणं पाठीतून डोक्यात. सम्मेदनं विचारलं काय झालंय, सांग ना. मी तोंड उघडलं. तो इतक्या मायेनं बघत होता — नाही झालं.

उद्या. उद्या नक्की. अण्णांच्या पाया पडून. हाकलून दिलं तरी चालेल.

१८ जानेवारी, शनिवार, दुपार

थांबलं!

दुखायचं थांबलं. आत्ता, चहा घेऊन वर खोलीत आले, खुर्चीत बसले — किती दिवसांनी बसले — आणि एकदम काही नाही. सगळं शांत. म्हणजे भरत आली असेल. गोळ्या लागू पडल्या असतील. देवाच्या दयेनं —

तरी सांगणार आहे मी. सम्मेद आणि अण्णा जेवायला येतील, तेव्हा दोघांसमोर. आता दुखत नाही तर धीर आलाय. आधी सगळं इथं लिहून काढते, आसनापासून, म्हणजे चाचरणार नाही —

कप लवंडला. मांडीवर. साडी भिजली, वाफ येते आहे.

मला —

कळलं नाही. चहा उकळता होता आणि मला कळलं नाही. मांडीला हात लावला. हाताला चटका बसतो. मांडीला नाही.

पाय हलवते. हलवते आहे. हलत नाहीत.

खालून अक्का हसताहेत. हाका मारताहेत, मैदानावरच्या आवाजात — आदिती! अगं आदिती, पळत ये! मला पाय कळतायत गं! पायाला गार लागतंय — अण्णांना फोन लाव — आदिती, बोटं हाललीत माझी —

हसताहेत. रडताहेत आनंदानं. सहा वर्षांनी. सकाळी ताप जरा उतरला म्हणून अंबूबाई त्यांना खुर्चीत बसवून गेल्या आहेत. अक्का खुर्चीत आहेत. त्यांना सगळं कळायला लागलंय आणि त्या खुर्चीत बसलेल्या —

अक्का, उचला. हातांवर जोर द्या. उचला स्वतःला, अक्का —

हसायचं थांबलं.

हे ओरडणं मी कधी ऐकलं नाही. माणसाचं नाही हे. घरात कुणी नाही. आदिती, काय हाय गं खाली, काय टोचतंय, काय ठेवलंईस गं खाली — माझंच नाव. सारखं माझंच नाव —

खुर्चीतून पडले. वही घेऊन पडले. जिना पलीकडे आहे. कोपरांवर सरकते आहे, पाय येत नाहीत मागून —

अक्का, येते. मी सांगते. स्वच्छ नव्हती, अक्का, बावीस तारखेपासून मला दिसत होतं, ते माझं आसन, मीच —